सोमवारची पाचवी भेट

आधीच सांगते, या सदरातले अनुभव मी वाचते ते डबा खाताना, आणि हसत हसत. चकवा, पाठमोरी बाई, उलटी पावलं... ऑफिसात आम्ही एकमेकींना मोठ्याने वाचून दाखवतो. माझ्या माहेरी देव नव्हता, त्यामुळे भूतही नव्हतं. बाबा शिक्षक होते. वस्तीत कोणी म्हणालं की "सुनेले बाहेरचं हाय", की बाबा गंभीर चेहऱ्याने विचारायचे, "बाहेरचं म्हणजे कोठचं? पत्ता सांगा, मी जाऊन येतो." त्यांचीच मी मुलगी. त्यात माझं कामच असं, की दिवसातून दोनदा तरी कोणाला तरी सांगावं लागतं – ताई, हे अंगात येणं नाही, हा आजार आहे आणि याला गोळी आहे.

अशी मी आज इथे लिहायला बसले आहे. गोष्ट गेल्या हिवाळ्यातली, आणि तेव्हापासून मला स्वस्थ बसवत नाही. पेशंटची नावं बदलली आहेत, गावाचं नाव देणार नाही. आमच्या कामात ते चालत नाही. बाकी सगळं जसं घडलं तसं.

मी राहते अमरावतीला, नोकरी अकोल्याला. मानसिक आरोग्याच्या एका प्रकल्पात सोशल वर्कर – कंत्राटी, दर अकरा महिन्यांनी नवी ऑर्डर, तोवर जीव टांगणीला. सकाळी बडनेऱ्याहून गाडी, संध्याकाळी परत. डॉक्टर गोळ्या लिहून देतात, मग माणूस घरी जातो, आणि आमचं काम तिथून सुरू होतं. गोळ्या घेतो का, झोप लागते का, घरचे टाकून बोलतात का, हे सगळं घरी जाऊन, बसून पाहायचं आणि फॉर्म भरायचा. याला होम व्हिजिट म्हणतात. अकोट तालुक्यातली गावं माझ्याकडे.

आता खरं सांगायला बसलेच आहे तर तेही सांगते. मी घाईची बाई आहे. परतीच्या एसटीवर डोळा ठेवूनच घरात शिरते. चहा नको, पाणी नको, खुर्ची असली तर खुर्ची, नाहीतर उभ्यानेच – पंधरा मिनिटांत पुढचं घर. फॉर्मवर एक प्रश्न असतो, जीव द्यावासा वाटतो का? ट्रेनिंगमध्ये कानीकपाळी ओरडून सांगितलेलं, की हा प्रश्न पेशंटला बाजूला घेऊन, सरळ याच शब्दांत विचारायचा. विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. मला सगळं पाठ आहे. पण समोर सासू बसलेली, दारात शेजारीण उभी, आणि माझी जीभ काही तो प्रश्न उचलायची नाही. मी विचारायचे, "मन कसं आहे आता?" ती म्हणायची, "बरं हाय." मी 'नाही'वर टिक करायचे आणि उठायचे.

नंदा अशाच घरांपैकी एका घरातली. वय पस्तिशीच्या आत. अकोटपासून नऊ-दहा किलोमीटरवर गाव, थोडी काळी जमीन, नवरा गजानन हंगामात अकोटच्या एका कापूस जिनिंगवर कामाला. घरात तिसरं माणूस म्हणजे सासू. नंदाला दोन वर्षांपासून डिप्रेशन. एकदा दवाखान्यात भरती होऊन आलेली. मी गेले की भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची, एका शब्दात उत्तर द्यायची. डिसेंबरात डॉक्टरांनी तिच्या फाइलवर लाल पेनने लिहिलं होतं – लवकर घरी जाऊन पाहा.

जानेवारीतल्या एका सोमवारी मी अकोटकडची पाच घरं ठरवली होती. पाचवं नंदाचं. पण त्याच दिवशी माझ्या मुलीच्या, यशूच्या, शाळेत पालकसभा निघाली. वाटलं, अकराला जाऊन दुपारची गाडी पकडू. सभा लांबली. बाई यशूच्या गणितावर घसरल्या. बाहेर आल्यावर पोरगी तोंड पाडून बसली, म्हणून तिला गिला वडा खायला नेलं. नंतर मला उठवेना. कितीतरी महिन्यांनी आम्ही दोघी उन्हात बसून काहीतरी खात होतो... सोमवार असा गेला. मला त्याचं वाईट वाटलं नाही, हेही लिहून ठेवते.

बुधवारी दुपारी ऑफिसात महिन्याचा रिपोर्ट भरायचा होता. माझ्या भेटी पाचने कमी. शेजारच्या टेबलावर शुभांगी, तिच्यापुढे आणखी दोघी, सगळ्या खाली मान घालून लिहीत होत्या. मी रजिस्टर ओढलं आणि सोमवारच्या पाचही भेटी भरून टाकल्या. चार घरांना दोन-दोन ओळी. नंदाच्या फाइलवर लाल शेरा होता, म्हणून तिला सजवून लिहिलं – "वेळ दीड ते साडेतीन. रुग्णाशी एकांतात चर्चा केली. जीव देण्याच्या विचारांबद्दल थेट विचारले. घरातील फवारणीचे औषध हलवले. पुढील भेट : पुढच्या महिन्याचा दुसरा मंगळवार." मंगळवार का, ते मला माहीत नाही. हाताला आला तो वार लिहिला.

तेवढ्यात मनाला टोचलं म्हणून गजाननला फोन लावला. मागे जिनिंगची घरघर. तो ओरडून म्हणाला, "बरं हाय मॅडम! सोमवारपासून लय फरक हाय, तुमचं..." पुढचं मशीनच्या आवाजात गेलं. "ठीक आहे, नंतर बोलू," म्हणून मी फोन ठेवला. त्याने 'सोमवार' म्हटलं होतं, ते मला पार पुढे, त्या मंगळवारी एसटीत बसल्यावर आठवलं.

पुढच्या महिन्यातला दुसरा मंगळवार. मी अकोल्याला ऑफिसात नुकतीच पोचलेले. गजाननचा फोन.

"मॅडम, कोठी हायत तुमी? नंदा सकाऊनपासून फाट्यावर जाऊन बसली. तुमी आज येता म्हणल्या होत्या न."

हा मंगळवार माझ्या रजिस्टरशिवाय कुठेच नव्हता. पहिला विचार भुताखेताचा आला नाही बरं – नोकरीचा आला. कोणीतरी वरून तपासणी केली, त्या घरी फोन करून विचारलं, माझं पितळ उघडं पडलं. 'कोण म्हणालं' हे अगदी ओठावर आलं होतं. पण म्हणाले, "निघालेच."

अकोला ते अकोट, अकोटहून दुसरी गाडी. रस्ताभर मी सबबी जुळवत होते. फाट्यावर उतरले तर नंदा खरंच सिमेंटच्या बाकड्यावर बसलेली. केस विंचरलेले. जी बाई मी कधी खाटेवरून उठलेली पाहिली नव्हती, ती उठून चार पावलं पुढे आली आणि म्हणाली, "या."

गावात शिरेपर्यंत दोन्ही बाजूंना कापसाची वेचणी संपलेली पऱ्हाटी उभी होती. मी बोलायला घाबरत होते. घरी पोचल्यावर सवयीने प्लॅस्टिकची खुर्ची ओढली.

"आज खुर्ची काहून?" नंदा म्हणाली. "त्या दिवशी तर खालीच बसल्या होत्या."

मी खुर्चीत बसता बसता थांबले. आमच्या धंद्यात एक युक्ती असते, पेशंटची आठवण तपासायची असली की मागचं बोलणं त्यालाच सांगायला लावायचं. तीच वापरली. आवाज शक्य तितका साधा ठेवून म्हटलं, "नंदाताई, मागच्या वेळी आपलं काय काय बोलणं झालं? तुम्हीच सांगा पाहू."

"परीक्षा घेऊन राह्यल्या काय?" ती थोडं हसली. मी तिला पहिल्यांदा हसताना पाहत होते. "सोमवारी दुपारी आल्या तुमी. आत्याबाई वावरात होत्या, हे जिनिंगवर. मी तुरीच्या शेंगा घेऊन बसली होती. शेंगा नुसत्या हातात होत्या, सोलाचं सुदरत नव्हतं. तुमी माह्यापाशी खाली बसल्या. पर्स बाजूले ठेवली अन् शेंगा सोलाले लागल्या. लय वेळ काईच नाई बोलल्या."

"मग?"

"मंग इचारलं."

"काय विचारलं?"

"जीव द्यावा वाटते काय, नंदाताई?"

तिने ते इतकं सहज म्हटलं, की मलाच खाली पाहावं लागलं.

"मी हो म्हणलं," नंदा सांगत होती. "तवापावतर कोनंच इचारलं नव्हतं मले. सारे म्हणत, खाय, झोप, गोळी घे. त्या दिवशी तर मनानं ठरवूनच टाकलं होतं मॅडम... तुमाले सांगतलंच म्या. मंग तुमी म्हणल्या, फवारणीचं औषध कोठी हाय ते दाखवा. म्या कोठ्यातून उरलेला डबा आणून देल्ला. तुमी पिशवीत टाकला अन् घेऊन गेल्या."

"मी घेऊन गेले?"

"नेला न. अन् मंगळवारी येतो म्हणल्या. म्हणून तर वाट पाहून राह्यली होती."

माझ्या डोक्यात एकच शब्द – भास. डिप्रेशन खोल गेलं की भास होऊ शकतात, पुस्तकात आहे. मी त्या शब्दाला घट्ट धरून बसले होते, इतक्यात सासूबाई वावरातून आल्या. मला पाहून डोक्यावरचा भारा खाली टाकला.

"आल्या काय बाप्पा! च्या मांडतो. त्या दिवशीवानी कमी साखरेचा न?"

मी कुठल्याही पेशंटच्या घरी चहा घेत नाही. घरी मात्र कमी साखरेचाच पिते. हे अमरावतीत नवऱ्याला आणि मुलीला माहीत आहे, अकोट तालुक्यात कोणाला माहीत असायचं कारण नाही.

"आजी, त्या दिवशी मी... किती वाजता निघाले होते हो?"

"साडेतीनची गाडी भेटली तुमाले. मीच नाई का फाट्यावर पोचवाले आली? बोलत बोलत गेलो आपण." मग माझ्याकडे निरखून पाहत म्हणाल्या, "वाळून गेल्या तुमी. तवा चांगल्या होत्या." त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, हे मी लगेच मनात टिपून घेतलं. बुडत्याला काडीचा आधार.

नंदाने शेंगांचं सूप पुढे सरकवलं. काहीतरी करायला हवं म्हणून मीही खाली बसून शेंगा सोलायला घेतल्या. मी शिक्षकाच्या घरची, मला ते कधी धड जमलेलं नाही. नखं लागतात, दाणे फुटतात. आजी पाहत होत्या. "आज काय झालं बोटायले? त्या दिवशी तर कशा भराभर सोलत होत्या. मी म्हणलं, वावरातल्या घरची पोरगी दिसते." तिघीही हसलो. मी सगळ्यात जास्त हसले. मला रडू येत होतं, आणि ते दाखवायची सोय नव्हती.

त्या दिवशी मी तासभर बसले, उठायचं धैर्य होत नव्हतं म्हणून. निघताना नंदा फाट्यापर्यंत आली. एसटी लांबून दिसली तेव्हा ती म्हणाली, "एक इचारू काय मॅडम?"

"विचारा."

"त्या दिवशी तुमी एक बोलल्या होत्या. 'मी आज येणार नव्हते, नंदाताई.' असं काहून म्हणल्या?"

गाडी येऊन थांबली. कंडक्टर घाई करत होता.

"मी खरंच येणार नव्हते," मी म्हटलं. त्या अख्ख्या दिवसात तेवढं एकच वाक्य मी खरं बोलले.

त्यानंतरचे पंधरा दिवस मी कशी वागत होते, ते शुभांगीला विचारा. आधी वाटलं, दुसरं कोणी गेलं असेल. गावच्या आशाताईला फोन केला. ती त्या सोमवारी अकोल्याला ट्रेनिंगमध्ये होती, तिने फोटो पाठवला. आमच्या सिस्टर अकोटच्या ओपीडीत होत्या. त्या भागात दुसरी कुठली संस्था काम करते का, तेही चौकशी करून पाहिलं. नाही. आणि दुसरं कोणी गेलं असेल, तरी तिला मंगळवार कोणी सांगितला?

मग सगळ्यात वाईट शंका आली. माणूस स्वतःला विसरून कुठेतरी जातो, काहीतरी करतो आणि परत येतो, त्याला काही आठवत नाही – असाही आजार असतो. मी पेशंटच्या नातेवाइकांना तो समजावून सांगते. आता एका संध्याकाळी यशूला समोर बसवून विचारलं, "त्या सोमवारी पालकसभेनंतर आपण कुठे होतो?"

"आई, गिला वडा खाल्ला न आपण! तू दोन खाल्ले. मग घरी आलो, तू मला गणित शिकवलं, अन् मी रडली." ती माझ्याकडे संशयाने पाहायला लागली. "कावून विचारून राहिली?"

शाळेत जाऊनही पाहिलं. पालकांच्या सहीच्या वहीत माझी सही आहे. म्हणजे मी त्या दिवशी अमरावतीत होते. रजिस्टरप्रमाणे अकोट तालुक्यात होते. दोन्ही ठिकाणी सही माझी.

आणि ज्या गोष्टीवर मी अजूनही अडखळते ती ही, की खोटं मी लिहिलं बुधवारी. ती, जी कोणी होती, नंदाकडे गेली सोमवारी. माझ्या डोक्यात ती वाक्यं येण्याच्या दोन दिवस आधी कोणीतरी ती करून मोकळं झालं होतं. आणि तो डबा? ऑफिसचं कपाट, माझ्या सगळ्या पिशव्या, फाट्यामागची नाली... वेड्यासारखा शोधला. कुठेच नाही. गजानन म्हणतो, "जाऊ द्या न मॅडम, घरातून गेला थे बरं झालं." त्याचं बरोबरच आहे. पण माझ्या नावाने कोणीतरी तो हातात घेऊन साडेतीनच्या गाडीत बसलं, आणि ती गाडी पुढे कुठेतरी थांबली असेल. बसस्टँडवर पाठमोरी बाई दिसली की आता मला हसू येत नाही.

उरलेल्या चार घरी मी जाऊन आले. जाताना प्रत्येक दारात भीती, की इथेही म्हणतील, "त्या दिवशी आल्या होत्या न." कोणीच म्हणालं नाही. तिथे कोणी गेलं नव्हतं. चौघंही जिवंत होते, पण एकाने वीस दिवसांपासून गोळ्या बंद केल्या होत्या आणि पुन्हा कानात आवाज येतात म्हणून घराबाहेर पडत नव्हता. मी लिहिलं होतं, 'औषधे नियमित'. त्याला त्याच आठवड्यात ओपीडीत आणला. त्याच्या आईने माझे हात धरून आभार मानले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या प्रकल्पाच्या सरांच्या केबिनमध्ये गेले आणि लिहून दिलं, की सोमवारच्या भेटी मी केलेल्या नाहीत. सरांनी कागद दोनदा वाचला. मग रजिस्टर पुढे केलं, "खोडा आणि सही करा." मी एक खोडली, दोन, तीन, चार. पाचवीवर पेन टेकवलं आणि थांबले.

"काय झालं?" सरांनी विचारलं.

काय सांगणार? एकांतात चर्चा झाली होती. थेट विचारलं गेलं होतं. औषध हलवलं होतं. मंगळवारची वाट पाहिली गेली होती. त्या भेटीमुळे एक बाई आज जिवंत आहे. ही नोंद खोटी आहे असं मी लिहून देऊ कशी?

"ही झाली होती सर," मी म्हटलं.

मला मेमो मिळाला. यावर्षीची ऑर्डर निघाली, पण ताकीद देऊन. मला त्याचं दुःख नाही. चार रेघा मारलेल्या ओळी आणि खाली एक स्वच्छ ओळ, असं ते पान आहे. कधी कधी मी ते उघडून बघते. अक्षर माझंच आहे.

मी बाबांची मुलगी आहे, अजूनही या गोष्टींवर विश्वास ठेवत नाही. पण बाबा असते तर पत्ता मागितला असता, आणि पत्ता माझ्याकडे नाही. तुमच्यापैकी कोणी पुस्तकं वाचलेली असतील, त्यांनी मला सरळ समजावून सांगावं. मी ऐकून घेईन. मात्र 'पुण्याई' वगैरे म्हणू नका, त्या सोमवारी मी काय करत होते ते मी वर लिहिलं आहे.

नंदाच्या घरी मी दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी जाते. घाई अजून सुटत नाही, एसटीचा हॉर्न ऐकला की पाय आपोआप उठतात. पण त्या प्रश्नाला आता जीभ अडत नाही. कोणाच्याही घरी आधी बाजूला बसते, आणि विचारते. दोघींनी 'हो' म्हटलं आहे तेव्हापासून. दोघी उपचारावर आहेत.

गेल्या उन्हाळ्यात नंदाकडे गहू निवडायला काढले होते. मीही ताट घेऊन खाली बसले. नंदा ब्लाउजला हातशिलाई करत होती, आजी भिंतीला टेकून पेंगत होत्या. साडेतीनची गाडी फाट्यावर येऊन गेली, मला कळलंही नाही. बऱ्याच वेळाने नंदाने सुई थांबवून माझ्याकडे पाहिलं.

"आज कशा," ती म्हणाली, "त्या दिवशीवानी बसल्या तुमी."

मी मान वर केली नाही. ताटातले खडे निवडत राहिले.